न दिसणारी पट्टी शहर कशी सोडतं?

कॅलिफोर्नियात एखाद्या फ्रीवेला लागून असलेल्या दुकानामागे उभं राहिलं, तर पार्किंगचं डांबर, थोडं गवत आणि फ्रीवेचं जाळीचं कुंपण एवढंच दिसतं. तिथे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या काउंटी रेकॉर्डरच्या दप्तरात मात्र त्याच डांबरातून, कुंपणाला समांतर जाणारी दहा-पंधरा फुटांची एक पट्टी नोंदलेली असू शकते. जमीन दुकानदाराची, तिचा कर भरणारा तोच. पण पट्टीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी नेण्याचा हक्क शहराचा. मालकाने तिथे गाड्या उभ्या कराव्यात, फुलझाडं लावावीत, पक्कं बांधकाम तेवढं करायचं नाही. तिकडे याला ईझमेंट म्हणतात, आपल्या कायद्यात सुविधाधिकार. जमीन विकली गेली, वारसांकडे गेली, बँकेकडे गहाण पडली, तरी हा हक्क जमिनीला चिकटून राहतो.

फ्रीवेच्या अगदी कडेला अशा पट्ट्या सापडतात, त्याला साधं कारण आहे. फ्रीवेच्या हद्दीच्या आत, रस्त्याला समांतर वाहिन्या टाकायला राज्याचं वाहतूक खातं सहसा परवानगी देत नाही. भरधाव गाड्यांच्या शेजारी दुरुस्तीसाठी खड्डे कोण खणणार? म्हणून वाहिन्या कुंपणाबाहेरून, खासगी जमिनींतून जातात. पुढे रस्ता रुंद होतो आणि वाहिनी दुसरीकडे हलवली जाते. कधी प्लॉट पाडताना नकाशावर आखलेली वाहिनी प्रत्यक्षात येतच नाही. हक्क तेवढा मागे उरतो.

आणि तो आपोआप मरत नाही! मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. अमेरिकी कायद्याचं आणि आपल्या 1882च्या सुविधाधिकार कायद्याचं मूळ एकच, इंग्लंडचं. पण आपल्याकडे सलग 20 वर्षं उपभोग थांबला की असा हक्क सर्वसाधारणपणे संपतो. अमेरिकेत करारानं दिलेला हक्क कितीही वर्षं पडून राहिला, तरी नुसत्या न वापरण्यानं तो सहसा जात नाही. तो सोडून द्यायचा इरादा दिसावा लागतो. शहराला तर रीतसर ठराव करावा लागतो.

त्यासाठी कॅलिफोर्नियात 1980 साली केलेला एक स्वतंत्र कायदाच आहे. त्यात एक छोटी वाट ठेवली आहे. आधीच्या 5 वर्षांत पट्टी तिच्या कामासाठी वापरली गेली नसेल, किंवा वाहिनी दुसरीकडे हलवलेली असून पट्टीत दुसरी कुठलीही सार्वजनिक सोय उरलेली नसेल, तर जाहीर सुनावणीशिवायही ती सोडता येते. आता यातली अडचण बघा. खाली काही आहे हे दाखवायला एक खड्डा पुरतो. खाली काहीच नाही, हे कसं दाखवायचं? मग शहराचे अभियंते जुने नकाशे काढतात आणि पाणी, गॅस, वीज, टेलिफोन अशा प्रत्येक संस्थेला विचारतात, की इथे तुमचं काही आहे का? सर्वेअर पट्टीची हद्द शब्दांत लिहून काढतो: अमुक बिंदूपासून अमुक दिशेला इतके फूट, तिथून वळून इतके फूट, असं करत लिखाण सुरुवातीच्या बिंदूलाच परत आलं पाहिजे. एवढी मेहनत, आणि तीही काही मिळवण्यासाठी नव्हे, सोडण्यासाठी!

छोटी वाट लागू होत नसेल, तर सुनावणी घ्यावी लागते आणि तिच्या किमान दोन आठवडे आधी जागेवर सूचना लावाव्या लागतात. कमीत कमी 3 सूचना, त्याही पट्टीच्या रेषेवरून, दोन सूचनांमध्ये 300 फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता. आजवर फक्त कागदावर असलेली रेषा जाणाऱ्या-येणाऱ्याला डोळ्यांनी दिसते ती अशी, नाहीशी होण्याच्या बेतात असताना.

आणखी एक कलम मला फार आवडतं. दुसऱ्या कामासाठी मिळवलेल्या अशा पट्ट्या सोडण्याआधी शहराला ठरवावं लागतं, की ही जागा पायी चालणाऱ्यांच्या किंवा सायकलवाल्यांच्या वाटेसाठी उपयोगाची नाही. नळासाठी घेतलेल्या जमिनीबद्दल कायद्याला पादचाऱ्याची आठवण व्हावी, हे मला कायदा करणाऱ्यांचं मोठं शहाणपण वाटतं. फ्रीवेलगतच्या सलग, सपाट पट्ट्यांबाबत तर हा प्रश्न मनापासून विचारायलाच हवा, कारण एकदा तिथे इमारत उभी राहिली की ती वाट पुन्हा मिळणं अवघड.

या सगळ्यातून गेल्यावर सिटी कौन्सिल ठराव करतं आणि त्याची प्रत रेकॉर्डरकडे नोंदवली जाते. नोंद झाली, की त्या क्षणी हक्क संपला. मालकाला जमिनीचं नवं खरेदीखत मिळत नाही, कारण जमीन त्याचीच होती. तिच्यावरचा भार तेवढा उतरला. पट्टी बांधकामासाठी मोकळी होते, अर्थात शहराचे बाकीचे नियम सांभाळून. जुना दस्त दप्तरातून कोणी काढून टाकत नाही. पुढे जमीन विकत घेणाऱ्यासाठी कागदपत्रं तपासली जातील, तेव्हा हक्क देणारा दस्त आणि तो सोडणारा ठराव दोन्ही समोर येतील, आणि दोन्ही वाचूनच पुढचा व्यवहार होईल.