नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका

पावसाळा तोंडावर आला की बेळगावातल्या बऱ्याच घरांत एक विषय निघतो: चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, तर गाडी एकदा दाखवून घेऊ. गॅरेजात गेल्यावर मात्र आपण एवढंच सांगतो, "चाकातनं आवाज येतोय." त्यावर मेकॅनिकने काय ओळखायचं? तो अंदाजाने एक भाग बदलतो, मग दुसरा, आणि पैसे आपले जातात. आवाज कधी येतो, किती वेगाला येतो, ब्रेक दाबल्यावरच येतो का, हे नेमकं सांगता आलं तर अर्धं निदान घरीच होतं.

सुरुवात टायरपासून करू. हवा गाडी थंड असताना तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरात दाब जास्त दिसतो. हवा किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरायची नसते.

मग झीज पाहा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिलीय. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त झालीय. एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडलंय. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदलायचा. बाजूवर फुगवटा दिसला तर आतले दोर तुटलेत. त्या टायरवर गाडी काढूच नका.

आता थरथर. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग आधी बघायला सांगा. थरथर सीटखालून जाणवली तर मागची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं? मग संशय डिस्कवर. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुतेक वेळा बेअरिंगची असते. डावीकडे वळताना ती वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग तपासायचं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकांवर येतो.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्हीकडची हवा सारखी आहे का पाहा. थोडं फिरून आल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा फार तापलेलं असेल, जळका वास येत असेल, तर तिथला ब्रेक अडकून राहतोय. हात चाकाजवळ न्या, पण लावू नका.

ब्रेकची बारीक किरकिर म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना असू शकते. धातूवर धातू घासल्यासारखा खरखराट म्हणजे पॅड संपले. मात्र पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारा आवाज डिस्कवरच्या गंजाचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही.

शेवटी पेडल. गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर कुठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं तर ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरलेली असू शकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की लवकर उकळतं. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते तापतं, त्यात वाफ धरते आणि ऐन वळणावर पेडल पोकळ जातं. म्हणून ऑइल वेळेवर बदलावं आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

फुगलेला टायर, खरखरणारा ब्रेक, खाली जाणारं पेडल: यांतलं एकही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. बाकीचं सगळं कागदावर लिहून न्या: कुठलं चाक, किती वेग, ब्रेक दाबलेला की नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.