मुंगूस कुणाचं?

आज सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

मागे साताऱ्यात बोलताना आम्ही मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की इंग्रजीतला ‘मॉंगूस’ हा शब्द मुळात आपल्या मराठीचा. टाळ्याही पडल्या. पुढे सांगलीत तेच सांगितलं, तेव्हा जत तालुक्यातले एक गृहस्थ उठून म्हणाले, “सर, आमच्या घरी कन्नडमध्ये त्याला मुंगुसि म्हणतात. मग शब्द कुणाचा?” तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. आज उत्तर शोधू या.

आधी उच्चार बघू. अक्षरं दोन, मॉं आणि गूस. जोर पहिल्यावर. आपल्यातले बरेच जण ‘मंगूज’ म्हणतात, पण शेवटी स आहे. मधल्या अनुस्वाराचा उच्चार ङ, अगदी आपल्या ‘मुंगूस’सारखा. स्पेलिंगमध्ये मात्र गंमत झाली. परका शब्द कानावर पडला आणि इंग्रजांनी त्याची शेपटी ओळखीच्या ‘गूस’सारखी लिहिली. गूस म्हणजे हंसासारखा पक्षी! त्याचा मुंगसाशी काडीचाही संबंध नाही. म्हणून अनेकवचन ‘मॉंगीस’ होत नाही, ‘मॉंगूसेस’ होतं. आपण लाकूड-लाकडं तसं मुंगूस-मुंगसं म्हणतो. म्हणजे शब्द गेला, व्याकरण इथंच राहिलं.

आता उगम. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर शिवकाळात इकडे होता. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ म्हणून मराठीकडेच बोट दाखवतात. इथवर आमचं म्हणणं बरोबर होतं.

पण पुढे बघा. संस्कृतात या प्राण्याला नकुल म्हणतात. त्यावरून हिंदीत नेवला आला, गुजरातीत नोळियो आला. मराठी त्यांची बहीण, पण इथं ती त्यांच्या पंगतीत बसत नाही. ती बसते कन्नड मुंगुसि आणि तेलुगू मुंगिस यांच्या शेजारी. तेव्हा हा शब्द आपल्याकडे दक्षिणेच्या शेजारातून आला, असं मानणंच सयुक्तिक आहे.

आमची चूक माहितीची नव्हती, तर्काची होती. ‘इंग्रजीनं तो मराठीतून घेतला’ हे एक विधान. ‘तो मुळात मराठीचा’ हे दुसरं. पहिलं खरं म्हणून दुसरं खरं ठरत नाही. शेजाऱ्यानं आपल्याकडून विरजण नेलं, म्हणून ते मुळात आपल्याच घरचं होतं असं थोडंच ठरतं? आपणही ते कुणाकडून तरी आणलेलं असतं.

जतच्या त्या गृहस्थांना आमचं उत्तर एवढंच : शब्द आधी तुमच्या घरचा, मग आमच्या, मग साहेबाच्या. साताऱ्यातल्या टाळ्या मात्र आम्ही परत करतो.