भिंतीवरचे शब्द, मुद्रिकेतले सूर

पोलंडमधल्या झाकोपाने गावी, जर्मन गुप्त पोलिसांच्या कोठडीत, १९४४ साली १८ वर्षांच्या एका मुलीनं भिंतीवर आईला धीर देणारी प्रार्थना लिहिली. हेन्रिक गुरेत्स्की या पोलिश संगीतकारानं १९७६ मध्ये ती आपल्या तिसऱ्या सिंफनीत गुंफली. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेली दीर्घ रचना. हिचे भाग तीन, तिन्ही संथ लयीचे; गाणारी एकटी स्त्री. तिन्हींत आई आणि लेकरू यांची ताटातूट.

आधीही मुद्रिका निघाल्या होत्या, पण ऐकणारे थोडे. १९९२ साली डॉन अपशॉ या गायिकेची मुद्रिका आली, अन् दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पोलिश न कळणारेही ती ऐकत राहिले.

गुरुजी, वर्गात ती लावाल तेव्हा आधी त्या भिंतीची हकीकत सांगा. मग मुलांना नुसतं ऐकू द्या.