गाजराला लाड मानवत नाहीत

परसात किंवा गच्चीवरच्या वाफ्यात गाजर लावणाऱ्यांची तक्रार बहुधा ठरलेली असते. पाला दाट माजतो आणि उपटून पाहावं तर खाली करंगळीएवढं, दोन-तीन पाय फुटलेलं, केसाळ मूळ निघतं. मग संशय खतावर जातो. पुढच्या खेपेला शेणखताची एक पाटी वाढते, पाणी वाढतं आणि गाजर आणखीच वेडंवाकडं येतं. पालक, वांगी, टोमॅटो यांना जेवढं घालावं तेवढी ती खुलतात, त्यामुळे बाग म्हणजे सतत काहीतरी घालत राहणं, ही सवय आपल्या हाताला लागलेली असते. गाजर या सवयीला दाद देत नाही. त्याचं बरंवाईट पेरणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत ठरतं आणि तेवढ्या काळात त्याला खाऊपिऊ घालण्यापेक्षा त्याची वाट मोकळी ठेवणं अधिक मोलाचं असतं.

हे असं का, ते गाजराच्या वाढीचा क्रम पाहिला की कळतं. आपण खातो ते गाजर म्हणजे झाडाचं सोटमूळ. बी रुजलं की झाड आधी हे मूळ सरळ खाली पाठवतं. वर जेमतेम दोन-चार पानं दिसत असतात, तेव्हा जमिनीत दोऱ्याएवढं बारीक मूळ वीतभर खोल उतरलेलं असतं. लांबी आधी ठरते, जाडी नंतर भरते. या दोऱ्याचं टोक खड्याला किंवा ढेकळाला अडलं, नाहीतर कच्च्या शेणाने दुखावलं, की त्याची वाढ खुंटते, बाजूची मुळं त्याची जागा घेतात आणि गाजराला फाटे फुटतात. नंतर घातलेलं उत्तम खतही हे फाटे फार तर जाड करील, त्यांना एकत्र आणू शकणार नाही. कांद्याचं रोप करून लावतात, मग गाजराचं का नको, असं कोणी विचारेल. कांदा हा पानांच्या बुडख्यांचा बनतो, त्यामुळे उपटताना मुळं तुटली तरी नवी फुटतात आणि कांद्याचं काही बिघडत नाही. गाजरात मूळच खायचं असतं. ते उपटताना टोक तुटलं की पीक तिथेच बिघडलं. म्हणून गाजर जिथे वाढवायचं तिथेच पेरावं लागतं.

तेव्हा खरी मेहनत पेरणीच्या आधी, मातीवर करायची असते. देशावरची काळी माती कसदार खरी, पण ओली झाली की फुगते, वाळली की आवळते आणि भेगाळते. कोकणातल्या जांभ्या जमिनीत खडे जागोजाग आडवे येतात. दोन्हीकडे उपाय एकच, गादीवाफा. कुदळीने फूटभर खोल खणून ढेकळं फोडावीत, खडे वेचावेत, भारी मातीत वाळू आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळावं आणि वाफा वीतभर उंच करावा. गच्चीवर फूटभर खोल कुंडी किंवा पिशवी पुरते, फक्त तळाला पाणी साचता कामा नये. आधी तिथे कोणतं पीक होतं, हेही पाहावं. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी गाजरालाही सोडत नाहीत. त्यामुळे या भाज्यांच्या जागी लगेच गाजर घेऊ नये. मेथी किंवा झेंडू निघालेली जागा बरी.

पेरणीतही हात आखडावा लागतो. गाजराचं बी ओव्याच्या कुळातलं. चपटं, रेघांचं आणि इतकं हलकं की १ ग्रॅममध्ये सुमारे ८०० दाणे मावतात. चिमटीने टाकलं की एकाच जागी पन्नास पडतात. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून, बोटाने ओढलेल्या रेघेत, जेमतेम सेंटीमीटरभर खोल पेरावं. ते रुजायला एक ते तीन आठवडे घेतं आणि तोवर वरची माती वाळून तिचा पापुद्रा धरला तर कोंबाला तो फोडता येत नाही. ओलं गोणपाट अंथरून ठेवावं आणि पहिला कोंब दिसताच काढून घ्यावं. पहिली दोन पानं गवताच्या पात्यासारखी अरुंद असतात. उत्साहाने खुरपणाऱ्या हातून ती हमखास उपटली जातात. तिसरं पान शेपूसारखं चिरलेलं आलं की मगच ओळख पटते. रेघेत मुळ्याचे चार दाणे अंतरा-अंतराने टाकले तर ते चार-पाच दिवसांत उगवून रेघ दाखवतात. पुढचं काम जिवावर येणारं, पण टाळता न येणारं, म्हणजे विरळणी. दोन रोपांत ५ ते ७ सेंटीमीटर अंतर राहील अशी बाकीची रोपं काढावी लागतात. मीटरभराच्या चौरस वाफ्यात २० सेंटीमीटरवर पाच ओळी घेतल्या तर नीट विरळणी करूनही ऐंशीच्या आसपास गाजरं बसतात. दयामाया दाखवून सगळी ठेवली, तर एकालाही अंग धरता येत नाही.

हंगाम मात्र आपल्या हातात नसतो, तो साधावा लागतो. १५ ते २० अंश सेल्सिअसमध्ये गाजराचा रंग चांगला उतरतो. त्याहून बऱ्याच उष्ण हवेत ते आखूड राहतं आणि फिकट पडतं. भोगीच्या भाजीत गाजर असतं ते याच हिशेबाने. तांबडं देशी गाजर साधारण ९० दिवसांत येतं. जानेवारीच्या मध्यावरच्या भोगीपासून मागे मोजत गेलं की पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला येते. रुजायला ती ऊब चालते आणि जाडी भरायची वेळ नेमकी थंडीत सापडते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा केसर आणि पुसा रुधिरा हे तांबडे वाण याच हंगामाचे. त्यांचा तांबडा रंग लायकोपीनचा, तर केशरी गाजराचा कॅरोटीनचा. देशी वाणांना मैदानी मुलखातही फुलोरा येऊन बी धरतं. नान्टीससारख्या युरोपी वाणांना फुलायला कडक थंडीचे काही आठवडे लागतात, त्यामुळे त्यांचं बी दरवर्षी विकत आणावं लागतं. माती भारीच असेल तर लांब वाणांचा हट्ट सोडून शांतने जातीचं आखूड, खांद्याला रुंद गाजर घ्यावं.

यावर आक्षेप येतो की शेतकरी गाजराला खत देतोच, मग घरच्या बागेत काटकसर कशाला? गाजराला अन्न लागतं, विशेषतः पालाश, यात वाद नाही. मुद्दा कोणतं आणि कधी, एवढाच आहे. शेणखत पुरतं कुजलेलं आणि पेरणीच्या बरंच आधी मातीत मिसळलेलं असावं. मेथीला घातलेलं उरलंसुरलं खत मागून येणाऱ्या गाजराला पुष्कळ होतं. नत्र सढळ हाताने दिलं की झाड पानांवर खर्च करतं. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. थंडीत बाजारात गाजराचे ढीग लागतात. गोणपाट, वाळू, बी आणि तीन महिन्यांची राखण धरली तर घरचं गाजर स्वस्त पडत नाही, आणि ते बचतीसाठी लावायला कोणी सांगूही नये. घरच्या वाफ्याला त्याचा उपयोग वेगळा आहे. पालेभाजी मातीतले दोष झाकून नेते, गाजर ते अंगावर घेऊन बाहेर येतं. फाटे फुटले तर खडे, ढेकळं किंवा कच्चं खत. गाठी असतील तर सूत्रकृमी. उभी चीर गेली तर आधी ताण आणि मग एकदम पाणी. माथा हिरवा असेल तर मातीची भर द्यायची राहिली आणि उन्हाने काम केलं. फिकट रंग म्हणजे पेरणी लांबली.

म्हणून साठाव्या दिवसाच्या सुमारास एक-दोन गाजरं मुद्दाम उपटून पाहावीत. उरलेल्यांचं पाणी आणि मातीची भर तेव्हाही सुधारता येते. फाटे मात्र तेव्हा सुधारत नाहीत, त्यांचा इलाज पुढच्या हंगामात पेरणीआधी कुदळीनेच करावा लागतो. खताच्या दुकानात जाण्याआधी उपटलेल्या गाजराचं हे वाचन झालं, तर बहुतेक वेळा ती खरेदी टळते.