संघाचं नाव झाकून बघा!

ज्या घरातला मुलगा (आणि आता मुलगीसुद्धा!) क्रिकेट शिकायला जाते, त्या घरातल्या आईला एक डाग अगदी पक्का ओळखता येतो. पांढऱ्या पँटवर, मांडीच्या जरा वर, लालसर तपकिरी. साबणाची वडी चोळा, ब्रश मारा, कडक उन्हात टाका... फिका होतो, पण जात काही नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅलऱ्यांत रविवारी संध्याकाळी अशा डागवाल्या पँटी हमखास वाळत असतात. "एवढं काय घासता रे त्या बॉलला?" म्हणून प्रत्येक आई एकदा तरी करवादलेली असतेच.

मैत्रिणींनो, त्या घासण्यातच तर सगळी गोम आहे! याच घासण्यावरून देशादेशांत भांडणं झाली, कर्णधारांची पदं गेली, बातम्या संसदेपर्यंत पोचल्या. घराघरांत तर विचारूच नका.

आधी थोडं सोपं करून सांगते. नवा चेंडू दोन्ही बाजूंनी चकचकीत असतो. खेळता खेळता तो खरखरीत व्हायला लागतो. मग खेळाडू त्याची एक बाजू कपड्यावर घासून चकचकीत ठेवतात आणि दुसरी तशीच झिजू देतात. दोन्ही बाजूंवरून हवा सारखी वाहत नाही, त्यामुळे चेंडू हवेतच वळतो. जुना, एका बाजूनं चांगला खरखरीत झालेला चेंडू वेगात टाकला, तर तो नेहमीपेक्षा उलट्या दिशेला वळतो. त्यालाच म्हणायचं रिव्हर्स स्विंग. भलेभले फलंदाज त्यात फसतात.

आता यात काय चालतं आणि काय चालत नाही? कपड्यावर घासणं चालतं, घाम लावणं चालतं. चेंडू ओला झाला तर पुसता येतो. चिखल लागला तर काढता येतो, पण पंचांच्या डोळ्यांदेखत. थुंकी पूर्वी चालायची. करोनाच्या काळात, २०२० साली, तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ती कायम झाली. मात्र नखानं शिवण उचकटणं, दातानं चावणं, जमिनीवर मुद्दाम घासणं, बाहेरची कुठलीही वस्तू लावणं हे अजिबात चालत नाही. वर्तमानपत्रं त्याला 'चेंडू कुरतडणं' म्हणतात.

मार्च २०१८ चा शेवटचा आठवडा आठवतोय? दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कॅमेरून बॅनक्रॉफ्ट चेंडूवर काहीतरी घासताना कॅमेऱ्यात सापडला. पिवळा तुकडा त्यानं घाईघाईनं पँटमध्ये लपवला, तेही साऱ्या जगानं पाहिलं. आधी सांगितलं, ती चिकटपट्टी होती. मग कळलं, चक्क पॉलिश पेपर! आपल्याकडे सुतार लाकूड घासायला वापरतात तो. ऑस्ट्रेलियाच्या मंडळानं कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांना वर्षभर, तर बॅनक्रॉफ्टला नऊ महिने घरी बसवलं.

त्या आठवड्यात आमच्या लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता दुसरा विषय नव्हता. एकीचं म्हणणं, "आजन्म बंदी घाला मेल्यांना!" दुसरीच्या डोळ्यांत पाणी. "सिडनीच्या विमानतळावर तो ढसाढसा रडत होता आणि वडील खांद्यावर हात ठेवून मागे उभे होते. बघवेना गं." आणि डोंबिवलीच्या बायकांना तर वेगळाच आनंद! कारण राजस्थान रॉयल्सचं स्मिथकडचं कर्णधारपद आपल्या अजिंक्य रहाणेकडे आलं होतं. अजिंक्य डोंबिवलीत वाढला. रिक्षा परवडत नव्हती तेव्हा एका हातात धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन आई सरावाला चालत न्यायची, हे त्यानंच मुलाखतीत सांगितलंय. "बघा, देव आहे!" असं एक काकू म्हणाल्या आणि सगळा डबा हसला.

तेवढ्यात खिडकीतल्या एक बाई, निवृत्तीला आलेल्या असाव्यात, शांतपणे म्हणाल्या, "आणि २००१ मध्ये आपल्या सचिनवर ठपका आला होता, तेव्हा आपण काय म्हणालो होतो?"

झालं! ठाणे येईपर्यंत नुसता कल्ला. "सचिनचं नाव घेऊ नका हां!" "तो नुसती माती काढत होता!" "तो गोरा रेफरीच तसला होता!"

खरं काय झालं होतं ते सांगते. नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सचिन चेंडूच्या शिवणीवर बोटं फिरवताना कॅमेऱ्यात दिसला. सामनाधिकारी माईक डेनेस यांनी त्याला दंड केला आणि एका कसोटीची बंदी सुनावली, पण ती लगेच अमलात येणारी नव्हती. त्याच सामन्यात इतर कारणांवरून आणखी पाच भारतीय खेळाडूंनाही शिक्षा झाल्या. देश पेटला. डेनेस यांचे पुतळे जाळले. आपल्या मंडळानं असा हट्ट धरला, की डेनेस यांना पुढच्या कसोटीतून बाजूला ठेवलं गेलं आणि मग आयसीसीनं त्या कसोटीला अधिकृत मानायलाच नकार दिला. पुढे खुलासा झाला तो असा, की सचिनवर चेंडू कुरतडल्याचा ठपका नव्हता. पंचांना न सांगता चेंडू साफ केला, एवढाच होता.

जानेवारी २००४ मध्ये तर राहुल द्रविड! ब्रिस्बेनला झिम्बाब्वेविरुद्धच्या सामन्यात त्याच्या तोंडातल्या गोळीचा अंश चेंडूला लागला म्हणून सामन्याचं निम्मं मानधन दंड. द्रविड असं मुद्दाम करेल यावर माझाही विश्वास नाही. पण एक गंमत बघा. द्रविड चघळतो ती घशासाठी घेतलेली गोळी आणि परदेशी खेळाडू चघळतो ते कारस्थान, असं आपण मनातल्या मनात किती पटकन ठरवतो! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपल्या आजीनं क्रिकेट न बघताच करून ठेवलीय.

तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या खेळाचं एवढं काय मनावर घ्यायचं? चार घटका वाद घालायचा, चहा प्यायचा, विसरून जायचं. मलाही तसंच वाटलं असतं, पण त्याच वर्षी मे महिन्यात कल्याणला माझ्या भावाच्या घरी जे घडलं ते मी जवळून पाहिलं.

माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. मध्यमगती गोलंदाज, एका क्लबात जायचा. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायची वहिनीची सवय. एक दिवस त्याच्या पांढऱ्या पँटच्या खिशात सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच सापडलं. दातेरी कडांना लालसर भुगा. मे महिन्यात पोरं सोडा पितात, त्यात काय! पण तिला तो लाल रंग खटकला. तिनं बूच त्याच्यासमोर ठेवलं. आधी उडवाउडवी, मग रडू. मोठ्या मुलांनी दिलं होतं. "खरखरीत बाजूवर दोनदा फिरवायचं, पंच लांब असतात." त्या सामन्यात त्याला तीन विकेट मिळाल्या होत्या आणि पुढच्याच आठवड्यात निवडीचा सामना होता.

वहिनी म्हणाली, "उद्या सरांना तू स्वतः सांगायचंस."

घरात जे काही महाभारत झालं! दादा म्हणाला, "पोरखेळ आहे, सोडून दे. सांगितलंस तर त्याचं वर्ष फुकट जाईल." नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "सगळेच करत असतील. आपल्याच पोराला कशाला बळी द्यायचं?" वहिनी फारशी वाद घालणारी नाही. ती एवढंच म्हणाली, "नाना, दोन महिन्यांपूर्वी याच सोफ्यावर बसून तुम्ही दोघं स्मिथला आजन्म बंदी घाला म्हणत होतात. हा तेव्हा इथेच जेवत होता. त्यानं ऐकलंय सगळं."

भाच्यानं सरांना सांगितलं. सरांनी त्याला आणि बूच देणाऱ्या मुलाला निवडीच्या सामन्यातून वगळलं. त्या दुसऱ्या मुलाची आई वहिनीशी कितीतरी महिने बोलत नव्हती. गोष्टीतल्यासारखं पुढे भाच्याला मोठं बक्षीस वगैरे मिळालं नाही. त्या वर्षी निवड हुकली ती हुकलीच. आता तो नोकरी करतो आणि रविवारी खेळतो. दादा अजून कधीतरी हळहळतो. त्या एका सामन्यानं मुलाची वाट बदलली का, हे कोण सांगणार? पण 'सगळेच करतात' हे वाक्य त्या घरात पुन्हा मी ऐकलेलं नाही.

गंमत म्हणजे पुढे एकदा मला खेळाचा धडा त्या भाच्यानंच दिला. फेब्रुवारी २०२३, आपल्या नागपूरची कसोटी. समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. पहिल्याच दिवशी रवींद्र जडेजानं पाच बळी घेतले आणि त्याच वेळी एक चित्रफीत फिरायला लागली. जडेजा मोहम्मद सिराजच्या तळव्यावरून काहीतरी घेऊन आपल्या गोलंदाजीच्या बोटाला चोळतोय! ऑस्ट्रेलियाचे चाहते म्हणाले, "आता बोला!" आमच्याकडचे म्हणाले, "हरले की यांना असंच सुचतं." सामनाधिकाऱ्यांनी चौकशी केली. ते दुखऱ्या बोटाला लावायचं मलम होतं, चेंडूला लावलेलं नव्हतं, चेंडूत काही बदलही झाला नव्हता. तरी जडेजाला सामन्याच्या मानधनातला पंचवीस टक्के दंड झाला. का? पंचांना विचारलं नव्हतं म्हणून.

मी त्याची बाजू घेऊन तावातावानं बोलत होते. भाचा म्हणाला, "आत्या, त्यानं लबाडी नाही केली. पण अंपायर तिथेच उभे होते. विचारायला कितीसा वेळ लागतो?"

मला एकदम २००१ चा सचिन आठवला. बावीस वर्षांच्या अंतरानं आपल्या दोन लाडक्यांची चूक एकच निघाली. सांगितलं नाही, विचारलं नाही. त्यात बदनामीसारखं काही नाही. पण पॉलिश पेपर लपवणं आणि माती न सांगता काढणं या दोन गोष्टींमधला फरक आपल्याला नीट सांगायचा असेल, तर आपल्या माणसाची छोटी चूकही चूक म्हणता आली पाहिजे. नाहीतर समोरचा आपलं का ऐकेल?

संशयाचंही तसंच. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत स्मिथ खेळपट्टीवर पाय घासताना दिसला. ऋषभ पंतनं फलंदाजीसाठी केलेली खूण त्यानं मुद्दाम पुसली, असा आपल्याकडे एकच गलका झाला. त्यांचा कर्णधार टिम पेन म्हणाला, "क्रीजवर जाऊन फलंदाजीची नक्कल करायची त्याची जुनी सवय आहे." त्याच्यावर कारवाई काही झाली नाही. पण एकदा खिशात पॉलिश पेपर निघाला की पुढची कितीतरी वर्षं साधा पाय घासलेलाही लोकांना खपत नाही. विश्वास गेला की असा जातो. आपल्या पोरांना सांगण्यासारखी हीसुद्धा एक गोष्ट आहे.

त्या सामन्यात आपला कर्णधार अजिंक्यच होता. पुढे ब्रिस्बेन जिंकून, मालिका जिंकून तो मुंबईत घरी परतला, तेव्हा स्वागताच्या केकवर कांगारू होता. त्यानं तो कापायला नकार दिला. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, प्रतिस्पर्ध्याचा मान ठेवायला हवा, असं त्याचं म्हणणं. मैदानात इंचभरही मागे न हटलेला माणूस केकच्या सुरीपाशी थांबला! एका हातात बाळ, दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन चालणाऱ्या त्या माउलीला हे बघून काय वाटलं असेल!

आपल्यापैकी कितीजणींना रिव्हर्स स्विंग कळतो हा प्रश्नच नाही. मुलांच्या खिशातलं मात्र आपल्यालाच आधी कळतं. पुढच्या वेळी टीव्हीवर असा वाद रंगला, भावोजी आणि काका तावातावानं बोलायला लागले, की एवढंच करून बघा. मनातल्या मनात संघाचं नाव झाकायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. बाहेरची वस्तू वापरली का? लपवली का? पंचांना विचारलं होतं का? उत्तरं आली की मग नावावरचा हात काढा. निकाल कधी आपल्या बाजूनं लागेल, कधी नाही लागणार. पण मैत्रिणींनो, शेजारी ताटावर बसून निमूट वरणभात कालवणारं कुणीतरी आपलं बोलणं ऐकत असतं, आणि त्याच्याही पँटला खिसे असतातच की!