उपयोजित मानवशास्त्राची पदव्युत्तर पदवी : बाळकुमच्या पदवीधराने काय जाणून घ्यावे?

जुन्या आग्रा रस्त्यावरील बाळकुमला आज गाव म्हणावे की ठाणे शहराचा एक विभाग, हे ठरविणे अवघड झाले आहे. गावठाणातील आगरी-कोळ्यांची घरे, त्यांना वेढून उभे राहिलेले टॉवर आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो-५ च्या आराखड्यातील ‘बाळकुम नाका’ हे स्थानक, हे सारे एकाच पट्ट्यात दाटले आहे. रस्ता रुंद झाला की कोणाची किती जागा गेली, याचे उत्तर मोजणीच्या नकाशात सापडते. मात्र त्या जागेबरोबर शेजार, मासळी विकण्याची जागा, दारातले छोटेसे उत्पन्न काय गेले, याची नोंद करण्यासाठी वेगळे शिक्षण लागते. ते उपयोजित मानवशास्त्रात मिळते.

आपल्याकडे हा विषय अनेकांना लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतला, ५०० गुणांचा एक वैकल्पिक विषय म्हणूनच ठाऊक असतो. परीक्षेपुरती टिपणे पाठ करणे आणि पदवी घेणे यांत मोठे अंतर आहे.

पहिली अट प्रवेशाची. मानवशास्त्राच्या एम. ए.ला सामान्यतः कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. जैविक मानवशास्त्राकडे झुकणाऱ्या एम. एस्सी.साठी विज्ञान शाखेची पार्श्वभूमी मागितली जाते. ठाणे जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तेथे १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि डॉ. गो. स. घुर्ये यांच्या काळापासून आदिवासी व जातींचा अभ्यास त्याच अंगाने होत आला. मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागते. पदवीवर ‘उपयोजित’ हा शब्द आपल्याकडे क्वचितच छापलेला असतो. तो अभ्यासक्रमातील विषयांतून आणि प्रबंधातून मिळवायचा असतो, हे अर्जदाराने आधीच समजून घेतलेले बरे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा साचा ८८ श्रेयांकांचा आहे. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास पदविका मिळते. संशोधन पद्धतीचा विषय सक्तीचा आहे, क्षेत्रकार्य किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो.

यांतील क्षेत्रकार्य हाच या विषयाचा कणा आहे. प्रश्नावली वाटून दोन दिवसांत परतणे म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. वस्तीत राहणे, नातेसंबंधांची वंशावळ काढणे, मुलाखती घेणे, रोजची टिपणवही लिहिणे आणि माहिती देणाऱ्याची संमती घेऊन त्याची ओळख जपणे, हे सारे त्यात येते. येऊरचे आदिवासी पाडे, खाडीवरील मासेमारीची पडझड, २०२० मध्ये बाळकुममध्येच उभारलेले कोविड रुग्णालय आणि परिसरातील लोकांचा त्यावरचा भरवसा वा अविश्वास, असे कितीतरी विषय ठाण्याच्या विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. आगरी बोली कानावर पडलेला विद्यार्थी येथे परक्यापेक्षा चार पावले पुढे असतो. अडचणही तीच असते. जे रोज पाहिले ते वेगळे म्हणून नोंदवायचे सुचत नाही आणि चुलत्याच्या घरातला जमिनीचा वाद ‘माहिती’ म्हणून लिहिणे सोपे नसते.

असे काम महाराष्ट्राला नवे नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली. ती डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा त्यानंतर, १९७६ मध्ये आला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची पाहणी हा संपादनाचाच भाग केला आणि त्या अहवालाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ गटात दोन अशासकीय सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक असावेत, असे म्हटले. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकारच्या प्रकल्पांना या तरतुदींतून सूट देण्याचा मार्ग ठेवला. त्यामुळे पाहणी कोठे होते आणि कोठे टळते, हेही विद्यार्थ्याने शिकायचे आहे.

परदेशात जाणाऱ्यांसाठी चित्र थोडे निराळे आहे. अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने १९७४ मध्ये उपयोजित मानवशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. अशा ठिकाणी शिफारसपत्रे, उद्देशपत्र आणि इंग्रजीची परीक्षा लागते. पुढे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून त्यावर प्रबंध वा अहवाल द्यावा लागतो. आपली तीन वर्षांची पदवी तेथे चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे. ब्रिटनमध्ये एम. ए. बहुधा एका वर्षाचे असते, पण खर्चाचा आकडा पाहूनच घरी विषय काढावा!

नोकरीचे म्हणाल तर जाहिरातीत ‘मानवशास्त्रज्ञ’ हा शब्द फारसा दिसत नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेले भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, ज्याचे एक केंद्र नागपूरला आहे, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आरोग्य प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था ही कामाची ठिकाणे. अध्यापनासाठी ‘नेट’ किंवा ‘सेट’चा विचार करावा. त्या जागा मोजक्याच असतात आणि त्यांची वाट पाहण्यात वर्षे जातात. म्हणून दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प निवडताना तो कोणत्या कार्यालयाच्या वा संस्थेच्या उपयोगी पडेल, याची चौकशी मार्गदर्शकाकडे पहिल्या वर्षीच करून ठेवावी.