प्लॅस्टिकचे भांडे कळकते काय?

बडोदे शहराच्या पूर्वेस सुमारे वीस किलोमीटरांवर वाघोडिया हे तालुक्याचे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या सुमारास चहाच्या लारीभोवती एक नित्याचे दृश्य दिसते. उकळता चहा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतला जातो, तिचे तोंड दोऱ्याने आवळले जाते आणि ती पिशवी आत नेऊन चहा कागदी पेल्यांत वाटला जातो. दुपारी त्याच कामगारांचे जेवण प्लॅस्टिकच्या डब्यातून निघते आणि पिण्याचे पाणी उन्हात तापलेल्या बाटलीतून येते. यात कोणालाही काही वावगे वाटत नाही, कारण चहा चहासारखाच लागतो. जिभेची ही साक्ष पुरेशी मानावी काय, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या घरांतील गृहिणींना भांड्याच्या गुणदोषांची चांगली जाण होती. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यात ताक, कढी किंवा चिंचेची आमटी ठेवण्याची त्यांची छाती होत नसे. आंबट पदार्थात तांबे उतरते, पदार्थाला हिरवट झाक येते, चव बिघडते आणि तो खाणाऱ्यास मळमळू लागते. मराठी भाषेने या क्रियेला ‘कळकणे’ हे स्वतंत्र क्रियापदच दिले आहे. भांडे हे अन्नाला केवळ धरून ठेवीत नाही, त्याचा काही अंश अन्नात उतरतो, हे शास्त्रीय सत्य त्या एका शब्दात सामावलेले आहे.

परंतु जीभ दर वेळी सावध करतेच असे नाही. लहान मुलांच्या यकृताचा एक दुर्धर विकार भारतात दीर्घकाळ थैमान घालीत होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्यासह या विकाराचा शोध घेतला. पितळेच्या भांड्यांत तापविलेले व साठविलेले दूध तान्ह्या मुलांना लवकर सुरू केले जाई आणि त्यातून तांबे त्यांच्या यकृतात साचत असावे, असा निष्कर्ष त्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. बाळाला प्रेमाने दूध पाजणाऱ्या मातेला त्यात विष आहे अशी शंकाही येत नसे. याला तांबे एकटेच कारणीभूत, की त्याच्या जोडीला एखादा आनुवंशिक दोषही, याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि मुलांचे दूध पितळेत ठेवू नये हा सल्ला घरोघर पोहोचला, पितळेची जागा स्टीलने घेतली आणि तो विकार पाहता पाहता विरळा झाला.

आता पितळेच्या जागी प्लॅस्टिक आले आहे. बडोद्यास ते परके नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स हा सरकारी उद्योग तेथे स्थापन झाला. हा उद्योग २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाला. खनिज तेलापासून मिळणाऱ्या लहान रेणूंच्या लांबच लांब साखळ्या गुंफल्या म्हणजे प्लॅस्टिक तयार होते. या साखळ्या बहुधा निरुपद्रवी असतात. काळजीचा विषय आहे तो त्यांच्यामध्ये सुटा राहिलेला ऐवज. साखळीत न गुंफले गेलेले रेणू, लवचिकपणासाठी मिसळलेली द्रव्ये, रंग आणि निर्मितीच्या वेळी वापरलेल्या धातूंचे अवशेष, हे सारे हळूहळू बाहेर पडू शकते. त्याला वेग देणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: उष्णता, तेल किंवा आंबटपणा, आणि काळ.

उष्णतेचा प्रभाव किती, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांच्या प्लॅस्टिकमध्ये अँटिमनी या धातूचा अंश असतो. अमेरिकेतील ॲरिझोना येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाण्यातील त्याचे प्रमाण तेथील मर्यादेबाहेर जाण्यास ६० अंश सेल्सिअसला १७६ दिवस लागले. ८५ अंशांना मात्र दीड दिवसही लागला नाही. तेव्हा सावलीत ठेवलेल्या बाटलीतले पाणी त्याच दिवशी पिणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र वैशाखाच्या उन्हात मालमोटारीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बाटल्यांविषयी तसे म्हणता येत नाही. त्याच बाटलीत गरम पाणी किंवा चहा भरणे तर सर्वथा अयोग्य होय.

कागदी पेलाही नावापुरताच कागदी असतो. चहा झिरपू नये म्हणून त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनी २०२० साली असे दाखविले की, ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी अशा पेल्यात पंधरा मिनिटे राहिले, तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना चवही नसते.

तान्ह्या मुलांची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. दुधाच्या कडक, पारदर्शक बाटल्या पूर्वी ज्या प्लॅस्टिकच्या होत, त्यात बिस्फेनॉल-ए हे द्रव्य असे. हे द्रव्य स्त्री-संप्रेरकासारखे कार्य करते हे १९३६ सालीच आढळले होते, तरीही पुढे अनेक दशके अशा बाटल्या विकल्या गेल्या. युरोपीय संघाने २०११ साली त्या बंद केल्या आणि भारतीय मानकाने २०१५ साली तसाच निर्बंध घातला. त्यांच्या जागी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या आल्या. परंतु उकळते पाणी ओतून हलविल्यास त्यांतूनही लक्षावधी सूक्ष्म कण सुटतात, असे डब्लिन येथील संशोधकांना २०२० साली आढळले. वरचे दूध देणे भागच असेल, तर ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तयार करावे, निवू द्यावे आणि मगच बाटलीत भरावे.

हे कण शरीरात जाऊन नेमके काय करतात, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. इटलीतील डॉक्टरांनी मानेतील रोहिणीत साचलेला मेदाचा थर तपासून २०२४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. २५७ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांच्या थरात प्लॅस्टिक सापडले आणि पुढील सुमारे तीन वर्षांत त्यांना हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लॅस्टिक हेच त्याचे कारण, हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु पुण्याचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. तेथेही विद्वानांचा वाद मिटण्यापूर्वीच भांडे बदलले गेले, कारण भांडे बदलण्यास फारसे काही लागत नव्हते आणि न बदलल्यास पणाला लागत होते ते मूल.

कायद्याने काही बंधने घातली आहेत. २०१८ च्या नियमांनुसार वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. परंतु चाचणी होते ती योग्य वापर गृहीत धरून. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला आकडा केवळ प्लॅस्टिकची जात सांगतो, तो निर्धोकपणाचा दाखला नव्हे. तो वाचण्यापेक्षा काही साधे नियम पाळणे अधिक हिताचे. उकळते पदार्थ प्लॅस्टिकमध्ये ओतू नयेत. लोणचे व तेल चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच ठेवावे. ओरखडे पडलेला, पिवळा पडलेला डबा स्वयंपाकघरातून काढून टाकावा. एकदाच वापरण्याच्या बाटल्या व डबे पुन्हा पुन्हा भरू नयेत.

प्लॅस्टिकला सरसकट दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. थंड दूध पिशवीतून शहरभर निर्भेळ पोहोचते आणि कोरडे धान्य डब्यात किडीपासून सुरक्षित राहते, हे त्याचेच उपकार आहेत. आजीनेही पितळ घराबाहेर काढले नव्हते, त्यात काय ठेवू नये एवढेच तिला ठाऊक होते. वाघोडियाच्या लारीवर पिशवीऐवजी स्टीलची किटली आणि कागदी पेल्याऐवजी काचेचा पेला आला, तर चहाची चव बदलणार नाही. पितळ कळकले की जीभ बहुधा बोलत असे. प्लॅस्टिकच्या बाबतीत ती मुकी आहे, म्हणून तिचे काम आता विवेकानेच केले पाहिजे.